संध्याकाळी कोण येतं तालमीत

आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांमध्ये सध्या एक वाद पेटलाय. व्यायाम सकाळी करावा की संध्याकाळी? एकजण मोबाइलवर आलेलं काहीतरी वाचून दाखवतो, की म्हणे पहाटेची हवा. दुसरा त्याच मोबाइलवरचं दुसरं काहीतरी वाचून दाखवतो, की म्हणे संध्याकाळी सांधे मोकळे असतात. गच्चीत चार फेऱ्या मारायच्या आणि तासभर त्यावर चर्चा करायची. मला विचारतात, "तुम्ही तर तालमीतले, तुम्ही सांगा." मी उठून खाली येतो. त्यांना वाटतं, म्हातारा तुसडा आहे. असेन. पण ह्या प्रश्नावर मी एकदा चारचौघांत छाती पुढे काढून बोललो होतो, आणि त्याचं पुढे जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

आमची तालीम लालबागला, एका चाळीच्या तळमजल्यावर होती. आत तांबड्या मातीचा हौद, भिंतीत मारुती, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि मोरी. तालीम चालवायचे ते वस्ताद स्वतः गिरणीत आयुष्य काढून निवृत्त झालेले, तोंडाने खाष्ट. तालमीत घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं. कोण कधी येतो त्यावरून त्याची पाळी कळायची. पहिली पाळी सकाळी सातला भरायची नि दुपारी साडेतीनला सुटायची, म्हणून पहिल्या पाळीवाला संध्याकाळी यायचा. दुसऱ्या पाळीवाला सकाळी. रातपाळीवाला दुपारची झोप काढून डोळे चोळत यायचा आणि चार बैठका कमीच मारायचा. पाळी बदलली की व्यायामाची वेळ बदलायची. वस्ताद वैतागायचे. "शरीराला एक वेळ लावून द्यावी लागते रे. तुमच्या शरीराची धर्मशाळा झालीय, कधीपण या, कधीपण जा." रोज पहाटे पाच, वर्षभर एकच वेळ, एवढंच आम्हाला हवं होतं आणि तेवढंच मिळत नव्हतं.

माझा एक जोडीदार होता. जोडीदार म्हणजे तालमीतला जोडीदार. आमच्याकडे बैठका नुसत्या मारत नसत. एकाने दुसऱ्याला खांद्यावर बसवायचं आणि मग बैठका घालायच्या. वरच्याने मोजायचं, खालच्याने दम धरायचा. मग अदलाबदल. त्यासाठी दोघांची वजनं जुळावी लागतात आणि मनंही जुळावी लागतात, कारण वरचा जरा हलला तर खालच्याचा गुडघा जातो. आम्ही सात वर्षं एकमेकांच्या खांद्यावर बसलो. तो घोडपदेवला राहायचा, मी लालबागला. गाव दोघांचंही मालवणकडचं. गिरणीतही आम्ही एकाच खात्यात, विणाईच्या साच्यांवर होतो, तेही शेजारीशेजारी. साचा म्हणजे माग. त्याचे दोन, माझे दोन.

ते दोन साचे मला सहज मिळालेले नव्हते. सहा वर्षं मी बदलीवर होतो. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी खाडा केला तर आत घेणार, नाहीतर घरी. सहा वर्षांनी कायम झालो, जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, दोन साच्यांकडे बोट दाखवून "हे तुझे" म्हटलं, तेव्हा मी घरी येऊन आईच्या पाया पडलो. आईने विचारलं, "लगीन ठरला की काय रे?" मला त्या साच्यांचा आवाज इतर दोनशे साच्यांत ओळखू यायचा. कुणी हसो.

मग संप झाला.

संपाचे पहिले दिवस कसे होते ते आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. आम्ही खूश होतो. पाळ्याच नाहीत म्हटल्यावर सगळ्यांना एकदम पहाट मिळाली. पहाटे पाचला तालमीत पाय ठेवायला जागा नसायची. वस्ताद दारात उभे राहून ओरडायचे, "अरे हौद आहे, चौपाटी नाही." आम्ही दोघं सगळ्यात आधी हजर. अंग धुऊन बाहेर पडायचो तेव्हा उजाडायला लागलेलं असायचं. महिन्याभरात संप जिंकू, तोवर अंग कमावून घेऊ, असा हिशेब होता. जिंकलो की पगारवाढ घेऊन आपापल्या साच्यांवर परत.

महिना गेला, दुसरा गेला, तिसरा लागला. गर्दी विरळ झाली. कुणी कुटुंब घेऊन गावी गेला, कुणी दादरला भाजी विकायला बसला. आमच्या घरी दूध बंद झालं, मग अंडी, मग डाळ पातळ झाली. वस्तादांनी स्वतःहून सांगितलं, "जोर निम्मे करा. खायला नसताना अंग मोडू नका."

अशात एक दिवस जोडीदार म्हणाला, "आपण संध्याकाळी यायचं काय रे?"

"का?"

"सकाळी पोट खाली असतंय. मला परवा चक्कर आली. संध्याकाळी दोन घास पोटात असतात, अंग पण गरम असतं. आणि मला आता सकाळी धक्क्यावर काम मिळालंय. टोपल्या उचलायचं. ओळखीतल्या कोळणीने लावून दिलंय. पहाटेच जायला लागतं."

भाऊचा धक्का घोडपदेवपासून चालत जाण्याइतका जवळ. संपात लोक मिळेल ते काम करत होते. मासळीच्या टोपल्या उचलणं हे काही लाजेचं नव्हतं. मी म्हटलं, "बस काय! तू म्हणशील तेव्हा." जोडीदाराशिवाय सकाळी येऊन मी काय मारुतीला खांद्यावर घेणार होतो?

वस्तादांना ते आवडलं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "संध्याकाळी कोण येतं तालमीत?"

आमच्या तालमीत ह्या प्रश्नाचं उत्तर शेंबडं पोरही देऊ शकलं असतं. मी हसून म्हटलं, "वस्ताद, आता कसली पहिली पाळी आणि कसली दुसरी? गिरणीच बंद आहे." मला वाटलं, म्हातारा जुन्या सवयीने बोलतोय. आणि मी तिथंच थांबलो नाही. चार माणसं बसली होती त्यांच्यासमोर मी वस्तादांशी वाद घातला. सकाळी सांधे आखडलेले असतात, संध्याकाळी रक्त फिरलेलं असतं, रिकाम्या पोटी जोर मारून काय मिळतं. ही सगळी जोडीदाराची वाक्यं होती. मी ती माझी म्हणून ठोकून दिली. वस्तादांपुढे आवाज चढवून बोलण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत झालं असं, की त्याची तब्येत भरत गेली. माझी उतरत गेली. मी पन्नास बैठकांवरून तिसावर आलो, तो साठावर गेला. त्याचे दंड भरले, गाल वर आले. मी त्याच्याकडे बघून काय म्हणावं? मी म्हणालो, बघा, संध्याकाळचा व्यायाम अंगाला कसा लागतो! भोईवाड्याच्या दोघातिघांना मी त्याचं उदाहरण देऊन संध्याकाळी यायला लावलं. माझी स्वतःची हाडं दिसत होती, त्याचं कारण मी शोधलं नाही. मला वाटलं, प्रत्येकाच्या प्रकृतीला वेळ मानवायला वेळ लागतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि एक गोष्ट केली, ती आठवली की अजून कानशिलं तापतात. आमच्या गल्लीत संपाची कमिटी होती. कोण फुटतोय, कोण चोरून कामावर जातोय ह्यावर त्यांची नजर असायची. काही गिरण्यांनी भोंगा न वाजवता थोडी थोडी माणसं आत घ्यायला सुरुवात केली होती. एका सकाळी कमिटीचे दोघं माझ्याकडे आले. "तुझा जोडीदार सकाळचा दिसत नाय कुठे."

मी म्हटलं, "धक्क्यावर असतो. टोपल्या उचलतो."

"नक्की?"

"माझ्यावर भरोसा आहे ना? मग त्याच्यावर पण ठेवा. त्याची हमी मी घेतो."

ते गेले. माझ्या शब्दाला तेवढी किंमत होती, कारण मी एकही सभा चुकवली नव्हती आणि दोनदा पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या होत्या.

आषाढात एक दिवस दुपारी आई दारात बसून तांदूळ निवडत होती. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की जोडीदाराचं बरं चाललंय, धक्क्यावर काम आहे, काल म्हणे सुरमई खूप आली.

आईचा हात थांबला. "आषाढात?"

"हो. का?"

"आषाढात खंयची सुरमय रे? नारळी पुनव खंय झाली अजून? होडये सगळे वर ओढलेले आसत. तुझो जोडीदार टोपल्यो उचलता कसल्यो?"

मी तिच्यावर खेकसलो. सुकी मासळी असेल, म्हटलं. तुला काय कळतंय, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "सुक्या बोंबलाचो वास चार दिवस जाणा नाय. तो हडे येऊन चाय पिऊन जाता. माका कधी वास इलो नाय."

कोकणातल्या माणसाने ही चूक करावी? पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात जात नाहीत, हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकतो. त्याने ही थाप फाल्गुनात सुरू केली होती, तेव्हा ती शोभत होती. पुढे महिने बदलले, त्याने थाप बदलली नाही. आणि मी तीच थाप पुढे लोकांना वाटत राहिलो. त्याचा आळस समजू शकतो. माझ्या आंधळेपणाला काय म्हणायचं?

संध्याकाळी तालमीत गेलो. तो आधीच आलेला होता, लंगोट कसत होता. हसला. मी नेहमीसारखा वाकलो, तो खांद्यावर बसला, पाय माझ्या छातीवर सोडले. मी पहिली बैठक घेतली. दुसरी घेतली. त्याच्या पोटऱ्या माझ्या तोंडाजवळ होत्या. पोटरीच्या केसांत पांढरं तूस अडकलं होतं, कापसाचं, बारीक. आणि वास होता. मासळीचा नाही. सुताला लावतात त्या खळीचा आणि साच्याच्या तेलाचा. तो वास मी सहा महिने घेतला नव्हता. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तो वास बरा वाटला. क्षणभर मी डोळे मिटले. मग कळलं.

रोज हा वास तिथे असणारच. पण व्यायामाआधी कुणी अंघोळ करत नाही, तालमीत सगळेच घामाचे असतात, कोण कुणाचा वास घेतो? तो गिरणीतून थेट तालमीत यायचा. तांबडी माती अंगाला लावायचा, घाम काढायचा, मोरीवर दोन बादल्या पाणी ओतायचा आणि तालमीतून आलेला माणूस म्हणून घोडपदेवच्या चाळीत शिरायचा. त्याच्या चाळीत सगळे संपवाले. तिथे असा तुसाने माखलेला गेला असता तर दारातच धरला असता. त्याला व्यायामाला संध्याकाळ नको होती. त्याला गिरणी धुऊन टाकायला जागा हवी होती. आणि शेजारी उभा करायला एक माणूस हवा होता, ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही. तो मी.

"बारा," तो वरून म्हणाला.

"उतर."

"काय झालं? गुडघा?"

"उतर खाली."

तो उतरला. मी त्याच्या पोटरीवरचं तूस चिमटीत धरून त्याच्यापुढे केलं. त्याने बघितलं. नाही म्हणाला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहितो. आम्ही मोरीपाशी गेलो. तो हळू आवाजात सांगायला लागला. रे रोडला पहाटे टेम्पो येतो, ताडपत्रीखाली बसवून मागच्या गेटने आत नेतात. बायकोला दिवस गेलेत. मोठीला ताप आला तेव्हा औषधाला काही नव्हतं. फाल्गुनापासून जातोय.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. पण सांगायला हवं होतं. सात वर्षं मी ह्या माणसाला खांद्यावर वाहिला होता. मी त्याला शिव्या घातल्या, घरातल्या घातल्या, बाहेरच्या घातल्या. वस्ताद हौदाच्या कडेला बसून माती चाळत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी समजलं, आणि त्यांचाही राग आला.

मग मी विचारलं, "कुठल्या साच्यांवर आहेस?"

तो बादली उचलायला वाकला.

"माणसं कमी असतील. तुला दोन साच्यांवर नसतील ठेवलं."

"चार," तो म्हणाला. "माझे दोन आणि..."

शेजारचे दोन कुणाचे होते ते सांगायची गरज नव्हती. सकाळी माझ्या साच्यांवर आणि संध्याकाळी माझ्या खांद्यावर. मी पिंपाला टेकून उभा राहिलो. संपात ज्या गोष्टींसाठी आम्ही काठ्या खाल्ल्या त्यांत एकाच माणसाच्या गळ्यात चार साचे मारू नयेत ही पण होती.

त्याने माझा हात धरला. "ऐक तर. दुसरा कोण बसला असता तर तुझे गेलेच असते. मी बसलोय म्हणून अजून तुझे आहेत. संप मिटू दे, तू ये, मी बाजूला होतो. आईशप्पथ."

मी हात सोडवून घेतला. पण शब्द सोडवता आला नाही. घरी जाताना चिंचपोकळीच्या पुलापर्यंत तोच शब्द डोक्यात होता. माझे साचे कुणा परक्याच्या हातात नाहीत, त्याच्या हातात आहेत. केसाने गळा कापणाऱ्याचीच समजूत मला गोड वाटत होती, ह्याची मला लाज वाटते.

चार दिवसांनी कमिटीचे तेच दोघं पुन्हा आले. ह्या वेळी त्यांच्यासोबत आणखी तिघं होते आणि एकाच्या हातात सळई होती. "रे रोडला टेम्पो भरतो अशी खबर आहे. तुझा जोडीदार त्यात असतो असं कोणतरी म्हणतंय. तू सांग. तू म्हणशील ते खरं."

आत आई उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मला त्याच्या पोटऱ्या आठवल्या, आणि त्या सळईने त्यांचं काय झालं असतं तेही दिसलं. त्याची बायको पोटुशी होती हेही आठवलं. आणि खरं लिहायचं तर माझे दोन साचेही आठवले. तो मोडला तर त्या साच्यांवर कोण बसणार?

"धक्क्यावर असतो," मी म्हणालो. "मी बघितलंय डोळ्यांनी."

ते माझ्या शब्दावर गेले. पहिल्यांदा मी अजाणता खोटं बोललो होतो. ह्या वेळी समजून उमजून बोललो, माझ्यावर भरोसा ठेवणाऱ्या माणसांशी. त्यानंतर मी सभांना गेलो तरी मागे उभा राहायचो. तालीमही सुटली. तो संध्याकाळी तिथे असेल म्हणून संध्याकाळी जाता येईना, आणि वस्तादांना तोंड दाखवायचं नाही म्हणून सकाळी.

संप कधी मिटला हे कुणालाच सांगता येणार नाही. तो मिटलाच नाही, विरत गेला. दीड वर्षानंतर आमच्या गिरणीच्या गेटवर जुनी माणसं परत घेतात असं कळलं. मी कायम झाल्याचं कार्ड घेऊन सकाळी सहालाच जाऊन उभा राहिलो. लाइनीत पुढे सरकत जॉबरपर्यंत पोचायला साडेनऊ झाले. टेबलामागे साहेबही बसला होता.

जॉबर ओळखीचा. माझ्याकडे बघून जरा वरमला. म्हणाला, "जागा कमी आहेत. आणि तुझं नाव काठ्या खाणाऱ्यांत आहे. साहेबाचं म्हणणं, आतला कोण सांगेल काय, की हा माणूस सरळ आहे, गडबड करणार नाही? आत कोण आहे तुझ्या ओळखीचं?"

मी जोडीदाराचं नाव सांगितलं. माझा आवाज सुद्धा खणखणीत होता. त्याची हमी मी दोनदा घेतली होती, तो माझी एकदा घेईल ह्यात मला शंका नव्हती. शपथ घेतली होती त्याने, माझ्यासमोर, मारुतीसमोर.

जॉबरने आत माणूस पाठवला. दार उघडलं तेव्हा साच्यांचा आवाज बाहेर आला, आणि त्यात मी माझे दोन शोधायला लागलो. तो आला. डोक्यावर, भुवयांवर पांढरं तूस. अंगाने चांगला भरला होता. माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे.

"ह्याला ओळखतोस काय?" साहेबाने विचारलं.

त्याने भुवईवरचं तूस पुसलं. त्याला मी आत गेलो तर दोन साचे सोडावे लागणार होते, आणि तशी शपथ त्याने घेतलीय हे तिथे आम्ही दोघंच जाणत होतो.

"तोंडओळख आहे साहेब," तो म्हणाला. "तालमीत बघितलंय कधी संध्याकाळचं."

साहेबाने पुढचं कार्ड मागितलं. जोडीदार लगेच वळून आत गेला. चार साचे चालू होते, त्याला जास्त वेळ बाहेर थांबता येण्यासारखं नव्हतं.